उघडं पोस्टकार्ड

“पोस्टकार्ड? ताई, उघडं पोस्टकार्ड?”

“ओरडू नकोस. खाली भाडेकरू आहेत.”

“भाडेकरूंचं काय घेऊन बसलात! पोस्टमननं अख्ख्या दुर्गाघाटाला वाचून दाखवलं असेल. ‘दृष्टिहीन कोटा’. तेही लाल शाईत! वर मलाच म्हणतो, ‘पंडितजी, नौकरी का कागज है, मिठाई खिलाइए!’”

“रोजगार कार्यालय सगळ्यांना पोस्टकार्डच पाठवतं, शिवरामा. पाकिटं फक्त साहेबांच्या नशिबात.”

मृणालिनी गद्रे हसून बोलली खरी, पण मनात तिला ठाऊक होतं. चूक तिचीच होती. ते कार्ड दाखवल्याशिवाय अपंगत्वाचा दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड कुणाला आत घेत नाही. ते टपालाच्या गठ्ठ्यात जाताना तिनं पाहिलं होतं. पर्समध्ये घालून स्वतः आणून दिलं असतं तर? रोज याच गल्लीतून तर घरी यायचं.

पोलिओनं आखडलेला डावा पाय ओढत ती एकोणीस वर्षं त्या कार्यालयात कारकुनी करत होती. दर रविवारी मात्र कार्यालय तिच्या घरी भरायचं. बोटं तुटलेला विणकर, ऐकू न येणारी बकुळ, एका पायाचा हमाल, कोण नि कोण. ती त्यांचे फॉर्म भरायची, त्यांना डॉक्टरांकडे न्यायची, मुलाखतीची तालीम घ्यायची: “साहेब ‘बैठिए’ म्हणाले की मगच टेकायचं, कळलं?” गल्लीतली टवाळ पोरं म्हणायची, मृणालिनीबाईंच्या जिन्यातल्या चपला मोजू नका, जोड्या जमायच्या नाहीत. हे ती स्वतःच रंगवून सांगायची.

शिवराम बत्तीस वर्षांचा. मणिकर्णिका घाटावर श्राद्धं चालवणारा. गेली पाच वर्षं त्याची नजर आकसत चालली होती. आता नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, आणि दिवस मावळला की काहीच नाही. हे त्यानं जगापासून लपवलं होतं. श्राद्धाला अंगात वैगुण्य असलेला ब्राह्मण चालत नाही. कळलं की दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद. मृणालिनीनं त्याच्यासाठी एका बँकेतली टेलिफोन ऑपरेटरची राखीव जागा हेरली होती. तिनं चाळीस नंबर एकदाच वाचून दाखवले, तर पठ्ठ्यानं ते सुलटे म्हटले आणि मग उलटेही. वेदपाठाचा घसा आणि वेदपाठाचीच स्मरणशक्ती.

“कार्ड पडलं कुणाच्या हातात?” तिनं विचारलं.

“दिनानाथकाकांच्या. पोस्टमन आला तेव्हा दारात तेच उभे होते.”

मृणालिनी स्टुलावर बसली. घाटावरची कामं कुणाला द्यायची हे दिनानाथकाका ठरवत.

“काय म्हणाले?”

“‘सरकारी दिसतंय रे.’ बस्स. मग म्हणाले, ‘उद्या दहा वाजता मणिकर्णिकेवर इंदूरचे यजमान आहेत. तूच जायचंस.’”

“दहा? बोर्डही उद्या दहालाच!”

“म्हणून तर आलोय! त्यांनी वाचलंय की नाही? मला चेहरा दिसला नाही हो, ताई. दारातला उजेड त्यांच्या पाठीमागं होता.”

खिडकीतलं ऊन भिंतीवरून केव्हाच उतरलं होतं. अंधारायच्या आत शिवरामनं घर गाठायला हवं होतं, पण तिनं मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं नाही.

“वाचलं असेल तर ही परीक्षा आहे. गेलो नाही की संपलं.”

“आणि बोर्ड पुन्हा महिन्यानं. तोवर जागा भरलेली असेल. शिवरामा, पितृपक्षात नदीचं पाणी रोज वर-खाली होतंय. परवा एकवीस पायऱ्या मोजत उतरलास, आणि अठराव्यालाच गुडघाभर गंगेत! मी पाहिलं.”

“यजमान म्हणाले, शास्त्रीबुवांची केवढी श्रद्धा!”

दोघांनाही हसू आलं नाही.

“बायकोला सांगितलंस? कस्तुरीला?”

“नाही. पण हल्ली ती घरातला तांब्यासुद्धा जागचा हलवत नाही.” तो थांबला. “ताई, उद्या मी बोर्डापुढे आंधळा ठरलो, आणि नोकरी नाहीच आली तर? उल्हासलाही तुम्हीच सांगितलं होतं, ‘घाबरू नकोस, खरं लिही.’”

उल्हास पंगतींचा आचारी होता. त्याला फिट यायची. तिनंच त्याला फॉर्मवर ते लिहायला लावलं. नोकरी काही आली नाही, बातमी मात्र घरोघर गेली. कुणी त्याला चुलीपाशी उभं करेना. होळीपासून त्याच्या खोलीला कुलूप आहे. येता-जाता ती त्या कुलपाकडे पाहायचं टाळायची.

“नोकरी येईलच, असं सांगा ना,” शिवराम म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. “एकदा म्हणा.”

ती स्टुलावरून उठून फळीवरचे फॉर्म सारखे करू लागली.

तेवढ्यात वीज गेली. खालून कुणीतरी ओरडलं, “गई बत्ती!” खोलीत राखाडी उजेड उरला. तिला पुरेल इतका.

“नऊ वाजता मैदागिनच्या नाक्यावर रिक्षा घेऊन उभी राहते,” ती घाईनं म्हणाली. “येशील ना? शिवरामा? दवाखाना की घाट, एवढं तरी सांगून जा.”

त्यानं कार्ड चाचपून कनवटीला खोचलं. तिनं फळीवरची बॅटरी पेटवून, दांडा त्याच्याकडे करून, त्याच्यापुढे धरली. त्याचा हात तिच्या जवळून पुढे गेला, हवेत फिरला आणि दाराच्या चौकटीवर टेकला.

बॅटरी त्याला नको होती, की दिसलीच नव्हती?

भिंतीला धरून, ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत, शिवराम जिना उतरून गेला.