कुंताबाई कारध्याला गेली

आंधळगावच्या कुंताबाईचा माग आठवडाभर बंद राहिला, तेव्हा शेजाऱ्यांना कळलं की बाई खरंच आजारी आहे. एरवी अंगात ताप असला तरी ती कोशाचं रेशमी कापड विणायला बसायची. आता तोंडात पांढरा थर साचला होता, घास गिळवत नव्हता, लुगडं कमरेवर ठरत नव्हतं. जवाहरनगरला दिलेली तिची मुलगी डिंपल आली आणि तिला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तपासणीत एचआयव्ही निघाला, आणि तोही दोन्ही प्रकारचा, एक आणि दोन. रोगाशी लढणाऱ्या पेशी फार कमी उरल्या होत्या. काही वर्षांपूर्वी नवराही असाच झिजून गेला होता, पण तेव्हा कोणी कारण शोधलं नव्हतं.

"दोन-दोन विषाणू हायेत म्हणून मी एवढी खंगली का?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं दिसत नाही. विषाणू दोन म्हणून आजार दुप्पट, असं नसतं. तो बळावला, कारण कित्येक वर्षं उपचार झाला नाही. गोळ्या निवडताना मात्र दुसऱ्या प्रकाराचं भान ठेवावं लागतं, काही औषधं त्याला लागू पडत नाहीत. तिला दिलेल्या गोळ्या दोन्हींवर चालणाऱ्या होत्या.

कुंताबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. नवऱ्याने शेवटच्या काळात कारध्याच्या रुखमिणीशी दुसरा घरोबा केला होता. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं, मयतीतही झालं नाही.

अंगात थोडं बळ येताच ती कारध्याला गेली. रुखमिणी तांदूळ पाखडत होती. सवतीला पाहून उठलीही नाही. कुंताबाईने ओसरीवर बसून सगळं सांगितलं.

"मले तर काहीच होत नाही," रुखमिणी म्हणाली.

"म्हणूनच तपासाले चाल. मी पडल्यावर गेली. तू उभी हायेस तोवर चाल."

रुखमिणी बराच वेळ सूप हलवत राहिली. मग ते बाजूला ठेवून चप्पल शोधू लागली.

तिच्याही रक्तात तेच दोन विषाणू निघाले, पण पेशी भरपूर होत्या. वेळेत आलात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज गोळी घेतली तर म्हातारपण पाहाल. तरी रुखमिणी रडली. कुंताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

आता कुंताबाईचं अंग भरलं आहे. दोघी गोळ्या आणायला एकाच दिवशी जातात. परतताना बसमध्ये कधीकधी मेलेल्या नवऱ्यावरून भांडतात, पण एकाच सीटवर बसून.