जवळ वस्ती नाही

नोकरीत मला एकच मेमो मिळाला. त्यात दोन ठपके आहेत. पहिला, रजिस्टरात खोटं लिहिल्याचा. दुसरा, तेच खोटं खोडल्याचा. म्हणजे लिहिलं तरी गुन्हा आणि खोडलं तरी गुन्हा. अहो, मग माणसाने करायचं तरी काय? तो कागद मी ट्रंकेत जपून ठेवलाय. दिवाळीला ट्रंक साफ करताना तो हाती लागला की माझं डोकं पुन्हा तापतं. बायको म्हणते, फाडून टाका एकदाचा. मी फाडणार नाही.

मी म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यात फिटर होतो. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढल्याच वर्षी मुंबईच्या गोदीतलं काम सोडलं आणि हत्यारांची पिशवी घेऊन रेवसच्या धक्क्यावर उतरलो. डोंगरातल्या तलावापासून आमच्या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत भातशेतांतून बिडाच्या पाइपांची लाइन आली होती, ती सांभाळायचं काम माझं. शिवाय किहीमच्या वाडीवाल्यांपासून रेवदंड्यापर्यंत कुणाचा पंप किंवा पाइप गळला की आधी मला बोलावणं यायचं.

पाइप गळताना दिसला की लोक म्हणतात, बुजवा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अरे, पण कसा बुजवा? भोक बारीक असेल तर लाकडाची खुंटी ठोकायची, ती पाण्याने फुगून बसते. चीर असेल तर रबर घालून वरून लोखंडी पट्टा आवळायचा. सांधा सुटला असेल तर जुनं शिसं छिन्नीने उकरून काढायचं, तागाची दोरी ठासायची आणि नवं शिसं वितळवून एका दमात ओतायचं. मध्ये थांबलात की सांधा वाया. आत थेंबभर पाणी राहिलं तर शिसं उसळून तोंडावर येतं. माझ्या डाव्या गालावर त्याची खूण आहे. आणि पाइपच सडला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घालायचा. कुठल्या गळतीला काय लागू पडेल हे ओळखण्यातच खरं काम. मी ओतलेला सांधा गळत नाही, अशी माझी ख्याती होती. तिचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एके वर्षी ऐन उन्हाळ्यात ऑफिसात अर्ज आला. लाइन माझ्या मामाच्या गावाजवळ एका ओढ्याखालून जाते, तिथला सांधा दोन वर्षं गळतोय, सार्वजनिक पाण्याची नासाडी होतेय, तरी त्वरित बंदोबस्त व्हावा. खाली सही मामाची. सख्ख्या मामाची. मामाला सार्वजनिक हा शब्द माहीत असेल, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पण अर्ज खरा होता. कोरड्या ओढ्याच्या काठाला सांध्यातून करंगळीएवढी धार लागली होती आणि खाली छोटं डबकं झालं होतं.

मी दोन दिवस खपलो. पाणी बंद केलं, माती उकरली, जुनं शिसं काढलं, नवं ओतलं, चहूबाजूंनी ठासून घेतलं. पलीकडे आंब्याखाली कातकरवाडीतल्या काही बायका मडकी घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, काम बघायला आल्यात. लोक उभे राहतातच. पाणी सोडलं, सांधा कोरडा ठणठणीत. मामाने पाठ थोपटली, मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी ताव मारून जेवलो.

आठ दिवसांनी लाइन बघत बघत मी पुन्हा तिकडून गेलो. मामाच्या परड्यात विहीर आहे. विहिरीपासून दहा पावलांवर त्याच बायका रिकामी मडकी समोर ठेवून उन्हात बसल्या होत्या. एक गोठा झाडत होती, एक शेणी थापत होती. रीत अशी होती की कातकऱ्यांनी विहिरीला हात लावायचा नाही. मामी किंवा सून पाणी शेंदणार आणि वरून ओतणार, तेही सवड होईल तेव्हा. आणि ओतलेल्या पाण्याच्या बदल्यात गोठ्याचं काम. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी ठरवलेलं नव्हतं, पण माझ्या आजीच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. लहानपणी मीही ते पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सांधा गळायला लागला आणि दोन वर्षं या बायका मामाच्या परड्यात फिरकल्या नव्हत्या. पाइपातून पडणाऱ्या पाण्याला कुणाची दोरी नव्हती. मामाचा गोठा ओस पडला आणि मग त्याला सार्वजनिक पाण्याचा पुळका आला.

त्यांच्यात एक माझ्याच वयाची बाई होती, कडेवर मूल. जिभेची मोठी तिखट. तिने मला ओळखलं आणि हसत म्हणाली, नळवाल्या, तूच बुजवलास ना? लई चांगलं बुजवलंस हो, एक थेंब न्हाय येत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बाकीच्या बायकाही हसल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

मामाला मी त्याच्याच ओटीवर विचारलं. तो शांतपणे पान जुळवत बसला होता. म्हणाला, विहीर आमची, दोरी आमची, ओतणारे हात आमचे, त्यांना तहानेलं कुणी ठेवलंय का? उलट मलाच समजावलं की म्युनिसिपालटीचं मीठ खातोस आणि गळतीची बाजू घेतोस? चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, त्याच पाइपाचं पाणी गावात कोळी पितो, भटजी पितो, मामलेदारही पितो, तिथे कुणाचं सोवळं मोडत नाही, मग ओढ्याकाठीच काय होतं? मामा म्हणाला, भाच्या, जेवायची वेळ झाली, हातपाय धू. मी जेवलो नाही. त्यानंतर त्या घरी कधीच जेवलो नाही.

ऑफिसात गेलो. कातकरवाडीला एक नळ द्या म्हणून तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं. आमचे इंजिनियरसाहेब माणूस वाईट नव्हते, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, वाडी आपल्या हद्दीत नाही. शिवाय नळ घराला देतात, आणि घर म्हणजे ज्याला नंबर आहे ते. कुडाच्या झोपड्यांना नंबर कुठून आणू? म्हणजे आमच्या पाइपाला त्यांच्या उंबऱ्यावरून जायला हद्द आड आली नव्हती, फक्त पाणी द्यायला आली. मी हे साहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, तुमचं काम फिटरचं आहे.

त्या पावसाळ्यात एक नवल झालं. भाताची चिकण जमीन उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यात पाइप हलतात. माझा सांधा सुटला. मी ओतलेला सांधा जन्मात पहिल्यांदा गळला आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पण मामा डोळ्यांत तेल घालून बसलेला. आठ दिवसांत दुसरा अर्ज. साहेब वैतागले, म्हणाले, आता कायमचा उपाय सुचवा, नाहीतर वरून काँक्रीटच ओततो.

तीन दिवस मला दुसरं काही सुचेना. पट्टा मुद्दाम ढिला ठेवता आला असता. पण ढिला पट्टा आज मी ठेवणार आणि उद्या दुसरा कुणी आवळणार. सुचलं ते ओढ्याकडे बघताना. लाइन तिथे सगळ्यांत खाली उतरते, आणि अशा खोलगट जागी पाइपात गाळ बसतो. तिथे फाटा काढून गाळ बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बसवणं हे रीतसर काम आहे, पुस्तकात आहे. गळका सांधा कापून टाकायचा, त्या जागी फाटा आणि व्हॉल्व्ह. गळतीही मिटली आणि पाणीही राहिलं. आमच्या तलावाच्या पाण्याला गाळ नावालाही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

अडचण एकच होती. जवळ वस्ती असेल तर साहेब उघडा व्हॉल्व्ह मंजूर करत नसत, लोक उघडून पाणी नेतात म्हणून. रजिस्टरात तसा रकानाच होता. मी दोष लिहिला, उपाय लिहिला, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: जवळ वस्ती नाही. गाळ साचतो. रोज उघडणे जरूर. खाली सही केली. वाडीतल्या कोंबड्याचं आरवणं त्या जागी ऐकू येत होतं. साहेबांनी वाचलं, खूश झाले, म्हणाले, बघा, डोकं चालवलं की उपाय सापडतो.

व्हॉल्व्ह उघडायला लांब दांड्याची चावी लागते. एक ऑफिसात राहिली. दुसरी मी लोहाराकडून करवून घेतली आणि त्या तिखट जिभेच्या बाईच्या हातात दिली. अर्धा आटा फिरवायचा, हळू फिरवायचा, मडकी भरली की बंद करायचा, एवढं एकदाच सांगितलं. पुढची आठ-नऊ वर्षं मी ती लाइन बघत होतो, व्हॉल्व्ह मला एकदाही टिपकताना दिसला नाही. गावात मोठमोठ्या लोकांचे नळ सकाळ-संध्याकाळ मोरीत धो धो वाहत असायचे, आणि हेच लोक नाकाने कांदे सोलत म्हणायचे, या जंगली लोकांना पाण्याची किंमत नाही.

मामाने संबंध तोडले. मामेबहिणीच्या लग्नाची अक्षत आमच्या घरी आली नाही. आई त्या दिवशी दिवसभर देवघरात तोंड लपवून बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण मला कधी चूक केलीस असंही म्हणाली नाही.

मला राग कशाचा होता, सांगतो. तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्याचं काम, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मग मला ते चोरासारखं का करावं लागलं? पाण्याला गाळ म्हटलं तेव्हाच ते मंजूर झालं! मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटायचं, हे कबूल करतो. गर्व माणसाचा सहजासहजी जात नाही.

मग साठ साल उलटल्यावर सरकारची नवी योजना आली. हद्द असो वा नसो, लाइनीच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांना नळ द्यायचा. मला इतका आनंद झाला की मी स्वतः वाडीत जाऊन सांगून आलो. अर्ज गेला. वर्षभराने त्यावर शेरा आला, नामंजूर. वाडीला नळ पुढे मिळाला, पण आणखी दोन पावसाळे खाऊन. ते जाऊ द्या. मला सांगायचंय ते नामंजुरीनंतरच्या सोमवारचं.

ती बाई चार पुरुषांना घेऊन आठ मैल चालत ऑफिसात आली होती. केस पिकायला लागले होते, जीभ तशीच. नळ का न्हाय, हे तिला विचारायचं होतं. हेडक्लार्कने मला आतून बोलावून घेतलं. टेबलावर जुनं रजिस्टर उघडं पडलं होतं. तो हळूच म्हणाला, हे तुमचंच अक्षर ना? ह्याच्याच आधाराने नामंजूर झालंय. मी बघितलं. अक्षर माझंच. त्याने आणखी खालच्या आवाजात सांगितलं की हेडफिटरच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय, नोंद खोटी निघाली तर नाव तर जाईलच, नोकरीवरही येईल. त्यापेक्षा गप्प बसा, ह्यांना पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सांगू.

मी गप्प बसलो असतो का? बसलो असतो, असं आज वाटतं. घरात चार तोंडं होती. पण ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि त्या पानावर तिने बोट ठेवलं.

"आमच्याबद्दल काय लिवलंय यात?"

हेडक्लार्क पंख्याकडे बघत बसला. मी वाचून दाखवलं. जवळ वस्ती नाही. गाळ साचतो.

तिच्याबरोबरच्या एकाने विचारलं, गाळ म्हणजे आम्ही काय? त्याला तिने हाताने गप्प केलं.

"कोणी लिवलं?"

"मी," मी म्हटलं. "तुम्हाला पाणी मिळावं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या भेटीत हसली होती, तशी ती आज हसली नाही.

"मग तूच खोड."

हेडक्लार्क खुर्चीतून उठला, रजिस्टर ओढायला त्याने हात पुढे केला. मी ते कोपराने दाबून धरलं आणि खिशातलं पेन काढलं.