सेफाकोर आणि सीलबंद कपाट

क्पान्डोच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या सेफाकोरच्या हातांच्या दोन तऱ्हा होत्या. मोहरीएवढा स्क्रू ते अलगद उचलत. आणि तेच तिच्या पोरीच्या, एलिनामच्या, पाठीत बसले, की शेजारची मासेवाली दचकून सुरी खाली ठेवी.

शाळेचं गवत कापायच्या दिवशी पोरं घरून कोयते नेतात. एलिनामनं कोयता आणि शाळेनं दिलेला, पडद्यावर पुस्तकं वाचायचा रीडर एकाच पिशवीत कोंबला. पडदा उभा चिरला. रीडर फोडणाऱ्याला हेडमास्तर आग्बोझा सगळ्यांसमोर छडीनं फोडत आणि परीक्षेपर्यंत वर्गाबाहेर ठेवत.

पोरीला आधी स्वतः बडवून सेफाकोर तिला घेऊन शाळेत गेली. आग्बोझांच्या जाळीच्या कुलूपबंद कपाटात बॅटऱ्या मेलेले रीडर रचलेले होते, पडदे शाबूत.

"एक द्या सर. त्याचा पडदा हिच्या रीडरला बसवते."

"बाई," आग्बोझा नाकातून बोलले, "देणगीदारांचं सील आहे. उघडायचं नसतं. परत पाठवायचं असतं."

"मग पाठवा की. पालींनी अंडी घातलीत त्यात."

"चल, नीघ," म्हणत त्यांनी तिला ढकललं.

तिनं दाराला लावलेला दगड उचलून घातला आणि कपाटाचं कुलूप तोडलं. छडी तिच्या मनगटावर बसली. तिनं कोपर त्यांच्या पोटात खुपसलं. त्यांनी तिचं डोकं कपाटावर आपटलं, ओठ फाटला. छडीचे फटके मोठ्यानं मोजायची तिथल्या पोरांची रीतच. खिडकीशी जमलेल्यांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. कोण कुणाला मारतंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मग सेफाकोरनं आग्बोझांचा उजवा हात पिरगळला. खांद्यात कट्‌ झालं आणि मोजणी थांबली.

ती फरशीवर बसली, कपाटातला एक रीडर ओढून तिनं पेचकसानं उचकटला. सुजलेल्या मनगटामुळं पेचकस घसरला. पडदा तडकला.

"फोडलास," भिंतीला टेकलेले आग्बोझा कण्हत म्हणाले. "लेक उगाच नाही तशी."

"तोंड मिटा, नाहीतर दुसरा खांदाही काढीन."

दुसरा पडदा तिनं श्वास रोखून काढला. ओठातलं रक्त हनुवटीवरून यंत्रावर ठिबकत होतं. एलिनामच्या रीडरवर अक्षरं उमटली.

आग्बोझांनी वाकून खात्री करून घेतली. "चालतोय. पण सील तोडलंस, त्याचे फटके वेगळे. पोरीला आण पुढं."

एलिनाम दारातून पुढं आली, हात पुढे केला. त्यांनी छडी उचलली. हात कमरेच्या वर जाईना. पुन्हा जोर केला, पांढरेफटक पडले.

"वर्गात जा," ते पुटपुटले. "माझा खांदा जाग्यावर बसेपर्यंत."