तळं कुठे पळून जातंय

तिचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ती सव्वीस वर्षांची होती, पुण्याहून एमबीए करून आली होती आणि दिल्लीजवळ मानेसरच्या आमच्या कारखान्यात, पर्सोनेल खात्यात, थेट माझ्यासमोरच्या टेबलावर येऊन बसली होती. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि त्या खात्यात नऊ वर्षं काढली होती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काकू, इथे चहा कुठे मिळतो?" काकू! ताईवर यायला तिला दोन दिवस लागले. मी मात्र ते काकू विसरले नाही.

आमचा कारखाना मोटारींच्या सीट बनवायचा. उदारीकरणाचे दिवस होते. गुडगावात मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या, साहेबलोकांच्या कमरेला पेजर आले होते, आणि आमच्या साहेबांना कुठल्याशा जपानी पाहुण्याने 'टीम बिल्डिंग' हा शब्द शिकवला होता. त्याआधी आमच्याकडे नुसती पिकनिक असायची, आणि ती मी करायचे. पुरी-भाजी, तंबोला, अंताक्षरी, संगीत खुर्ची. बक्षिसं मी स्वतः रविवारी करोल बागेत फिरून आणायचे. थर्मास, टॉर्च, टिफिनचे डबे. नऊ वर्षांत एकाही माणसाला पुरी कमी पडली नाही, पण हे कुणी कुठे लिहून ठेवत नाही.

त्या वर्षी साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. खात्याचं नाव आता एचआर होणार होतं आणि त्याला एक ऑफिसर नेमायचा होता. "इस बार का इवेंट जो अच्छे से करेगा, समझो वही," साहेब म्हणाले. मी नऊ वर्षं असिस्टंट होते. नवरा केंद्र सरकारात, दर तीन-चार वर्षांनी त्याच्या पदाचं नाव बदलायचं आणि आम्ही दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जाऊन जेवण करून ते साजरं करायचो. माझ्या पदासाठी कधी कुणी जेवायला गेलं नव्हतं.

मी म्हटलं, पिकनिक सूरजकुंडला नेऊ. ती म्हणाली, "सर, वॉटरफ्रंट ट्रेझर हंट." साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. माझ्यासाठी ते कधी पुढे सरकले नव्हते.

ऑक्टोबरात आम्ही दोघी कंपनीच्या जीपने दमदमा तळ्यावर गेलो. सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांच्या मधोमध ते तळं आहे. त्या दिवशी ते काठोकाठ भरलं होतं. पाणी पायऱ्यांना लागलेलं, लाल रंगाच्या होड्या डुलत होत्या. ती बघतच राहिली.

"ताई, यार, हे दिल्लीजवळ आहे यावर विश्वास बसत नाही! सगळा खेळ पाण्याभोवती फिरवू या. शेवटची चिठ्ठी होडीत."

"आम्ही येतो की इथे," मी म्हटलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलो होतो."

हे मी नुसतं मिरवायला म्हटलं. आम्ही एकदाच आलो होतो, जूनमध्ये. तेव्हा पायऱ्यांपासून पुढे दूरपर्यंत नुसता भेगाळलेला चिखल होता, होड्या त्यात कलंडून पडल्या होत्या आणि आमच्या धाकट्याचा बूट त्या चिखलात कायमचा राहिला. बुटाचं मी तिला सांगितलं नाही, कारण तेव्हा त्याची गरज नव्हती. तिचा कार्यक्रम डिसेंबरात व्हायचा होता.

पण डिसेंबरात आम्ही ज्या मोठ्या कंपनीला सीट पुरवायचो तिची मागणी वाढली, आणि कार्यक्रम पुढे ढकलला तो थेट जूनच्या शटडाउनवर. जूनमध्ये ती मोठी कंपनी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद असते आणि तिच्यामागे आम्ही सगळे छोटे कारखानेही कुलूप लावतो. साहेबांनी तारीख सांगितली तेव्हा मला लगेच तो बूट आठवला. मी तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात साहेब तिला म्हणाले, "तुम्हारा आइडिया है, तुम ही लीड करो। मैडम खाना देख लेंगी।"

मी तोंड मिटलं.

पुढचे सहा महिने मी खाणं बघत होते आणि ती चिठ्ठ्या लिहीत होती. गुळगुळीत कार्डांवर छापून, वर प्लास्टिक चढवून. चार टीम, प्रत्येकीचा एक रंग. ती हिंदी इतकं मोडकं बोलायची की लाइनवरचे लोक तिच्याशी बोलायला मुद्दाम थांबायचे. माझं हिंदी ऐकून दिल्लीवालेही फसायचे, पण त्याचं कौतुक शून्य. दुपारी ती माझ्याच डब्यातली आमटी भुरके मारून प्यायची आणि म्हणायची, "ताई, बिल्कुल आईच्या हातची चव." मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा आणखीच राग यायचा. घरी मी तिच्याबद्दल इतकं बोलायचे की एकदा थोरली म्हणाली, "मम्मी, तुला ती आवडते का?" मी तिला ताट उचलायला सांगितलं.

कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, एकदा तळ्यावर चक्कर मारून येऊ या का? ऑक्टोबरनंतर बघितलंच नाही. पाणी असेल ना?"

बाहेर भाजून काढणारी लू चालली होती. मी हजेरीचं रजिस्टर बंद केलं आणि हसले. ते हसू मला अजून आठवतं.

"या उन्हात कशाला मरायला जातेस? तळं कुठे पळून जातंय?"

"तेही खरं. आमच्या खडकवासल्याला मे-जूनमध्ये सुद्धा पाणी असतं."

"मग झालं तर," मी म्हटलं.

ती गेली नाही. घरी जाऊन मी नीट जेवले आणि शांत झोपले, हेही सांगायला हवं.

कार्यक्रमाच्या दिवशी उन्हाच्या भीतीने सहालाच सुरुवात करायची होती. आम्ही दोघी पाचलाच पोचलो. ती जीपमधून उतरली, चार पावलं चालली आणि थांबली. पायऱ्यांच्या खाली चिखल, त्यापुढे चिखल, आणि खूप लांब, मधोमध, म्हशी बसाव्यात एवढं डबकं. त्याच्या अलीकडे लाल होड्या आडव्या पडल्या होत्या. सहा महिने ज्याची वाट पाहिली ते मी पाहिलं, तिचा चेहरा. मला वाटलं होतं तितकी मजा आली नाही. पण अजिबात आली नाही असंही म्हणवत नाही.

ती रडली वगैरे नाही. कार्डांवर 'लाल होडी' छापलेलं होतं, तेव्हा चिठ्ठी होडीतच ठेवावी लागणार होती. तिने सँडल काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि चार पाकिटं दातात धरून चिखलातून निघाली. जाण्याआधी तिने माझ्या हातात एक कुलपाचा डबा दिला.

"ताई, हा तुमच्याजवळ ठेवा. कुणीतरी मागायला येईल, तेव्हाच द्या. कुणाला सांगू नका हं."

म्हणजे नऊ वर्षांनी मी हमाल झाले होते. डबा मांडीवर घेऊन मी एका बाकावर बसले.

पहिल्या पाच चिठ्ठ्या झकास झाल्या. वडाखाली, पाणपोईवर, तिकीटखिडकीत. एरवी एकमेकांना तोंडही न दाखवणारे सुपरवायझर आणि लाइनवरची पोरं हातात हात घालून पळत होती. पाहून माझ्या पोटात दुखत होतं. मग पाचवं कार्ड वाचून सगळे पायऱ्यांकडे धावले, आणि पहिल्याच माणसाचा पाय वरची खपली फोडून मांडीपर्यंत आत गेला. पेंट शॉपचे सुपरवायझर ते, वजनदार गृहस्थ. चौघांनी त्यांना ओढून काढलं.

"बस! बंद करो," साहेब ओरडले. "किसी की टाँग टूटी तो जवाब कौन देगा? जगह देखी नहीं थी क्या?"

मी डबा छातीशी धरला. आता ती माझ्याकडे बोट दाखवणार.

"ग़लती मेरी है, सर," ती म्हणाली. "मेरे को आके देखना चाहिये था।"

साहेब नाश्त्याकडे वळले. पुऱ्या गरम होत्या, कुणालाही कमी पडल्या नाहीत. "मैडम का काम तो पक्का है," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

ती परत चिखलात जाऊन पाकिटं घेऊन आली आणि ती माझ्या मांडीवर, डब्यावर ठेवून हातपंपावर पाय धुवायला गेली. एक पाकीट ओलं होऊन उघडलं होतं. मी वाचलं.

"अब पानी से लौट आओ। ख़ज़ाना उनके पास है जिन्हें हम सबके बच्चों के नाम याद हैं। पहले उनके लिए खड़े होकर ताली बजाओ, फिर डिब्बा माँगो।"

मी ते दोनदा वाचलं. पलीकडे दीडशे माणसं पुऱ्या खात होती. त्यांच्या मुलांची नावं मला खरंच पाठ होती.

ती पाय धुऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. मी पाकीट लपवलं नाही. ते उघडलेलं तिने पाहिलं. मग ती तळ्याकडे बघू लागली.

"एवढं पाणी जातं कुठे?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं का?"

"छे गं. मी कशाला उन्हाळ्यात इकडे येते?"

शब्द तोंडातून निघाले आणि ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. काहीतरी आठवत असल्यासारखी, ऑक्टोबरातली जीप, माझं मिरवणं, उन्हाळ्याची सुट्टी, मुलं. तिला आठवलेलं मला दिसलं.

तिने पाकिटं उचलून पर्समध्ये टाकली.

"डबा तुम्ही घरी न्या. मुलांसाठी चॉकलेटं आहेत," ती म्हणाली आणि उठली. दोन पावलं जाऊन तिने मागे वळून विचारलं, "मॅडम, बस किती वाजता बोलावली आहे?"

"नऊ," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात मी ऑफिसर झाले. आम्ही सदनात जेवायला गेलो. ती दिवाळीपर्यंत समोरच्या टेबलावर होती, मग पुण्याला परत गेली. तेवढ्या दिवसांत माझा डबा मी रोज दोघींच्या मध्ये उघडून ठेवायचे, आणि ती रोज म्हणायची, "नको मॅडम, माझं झालंय."