भोईर मॅडम आणि राहिलेला धागा

भोईर मॅडम वर्गाच्या दारातच अडवायच्या. "थांब गं, धागा राहिलाय," म्हणत कुणाच्या तरी ओढणीचा सुटलेला दोरा चिमटीत धरून तोडायच्या आणि मगच आत सोडायच्या. त्या वाढल्या अंबरनाथच्या बुवापाड्यात. आई उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागातल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणून धागे कापायची. तिला हातभार लावत लावत मॅडम एमएस्सी झाल्या आणि उल्हासनगरच्याच कॉलेजात आम्हाला पेशीविज्ञान शिकवू लागल्या.

शिकवणंही त्याच भाषेत. पेशीत प्रथिनं बनतात केंद्रकाबाहेर, पण त्यांच्यासाठी माल वाहणारा टीआरएनए हा चिमुकला रेणू तयार होतो केंद्रकात. "केंद्रक म्हणजे कारखाना," मॅडम सांगायच्या. "गेटवर वॉचमन, नाव एक्सपोर्टिन. तो टोकं तपासतो. दोन्हीकडचे धागे साफ, तरच माल बाहेर. कटिंग सगळं आतच!"

त्यातलं 'सगळं' तेवढं चुकलं होतं. यीस्टमध्ये काही टीआरएनएंच्या मधला नकोसा तुकडा तसाच राहतो आणि बाहेर आल्यावर, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघराच्या अंगावर कापला जातो. हे मी तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचलं. ज्यांच्या घरी अर्धवट जीन्सचे ढीग कारखान्याबाहेर कापायला येऊन पडायचे, त्यांनाच हे सुचू नये, याची मला गंमत वाटली.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं: यीस्टमध्ये हा तुकडा कुठे कापला जातो? मॅडम शेजारीच बसलेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केंद्रकातच, सर."

"चूक. बाहेर, मायटोकॉन्ड्रियावर," सर म्हणाले. माझे मार्क गेले.

मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. "उत्तर येत होतं ना तुला? तोंडावर दिसत होतं."

"हो. पण तुम्ही तसं शिकवलेलं..."

"म्हणजे माझी इज्जत वाचवायला चुकीचं बोललीस? येडी आहेस का? चल आत."

सगळ्या मुलांदेखत त्या सरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, चूक माझी आहे. हिला दुसरा प्रश्न विचारा." सरांनी विचारला, मी पास झाले. मला मात्र रडू आवरेना.

संध्याकाळी मॅडम स्टाफरूममध्ये जुन्या विद्यार्थिनींना फोन करत बसल्या होत्या. "अगं, यीस्टचं मी चुकीचं शिकवलंय. दुरुस्त करून घे." त्यातली एक बदलापूरला पार्लर चालवते. मी म्हटलं, "तिला आता काय उपयोग, मॅडम?"

"तिला नसेल. पण चुकीचं सांगितलं तर मीच होतं ना?"

मॅडम गेल्या त्याला वर्ष होईल. आता मीही शिकवते. परवा एका मुलीने भर वर्गात माझी चूक दाखवली. मी "बघते हं" म्हणत घाईघाईने फळा पुसला. मॅडम, मला अजून तुमच्यासारखं जमत नाही.