खरवडलेली भिंत

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी पुण्याहून कोपरगावजवळच्या आमच्या घरी आलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीचा मोठा पोपडा गळून पडला होता. दरवर्षी दसऱ्याआधी आई पांढऱ्या मातीने ती भिंत पोतारायची. आदल्या दसऱ्याला मात्र प्यायलाच पाणी नव्हतं, भिंतीला कुठून असणार?

मी भूशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे अंगात शहाणपण फार. पोपड्याची कड निरखली. पांढरा थर, त्यावर चुलीच्या धुराची काळी रेघ, पुन्हा पांढरा. वर्षाला एक. मोजले तर एकोणीस भरले. घर बांधलं आईच्या लग्नाच्या साली, म्हणजे थर हवे होते सत्तावीस. एकोणिसांच्या खाली थेट कोरी मातीची भिंत.

“आई, नवी नवरी होतीस तेव्हा आठ वर्षं भिंतीला हातच लावला नाहीस की,” मी म्हणालो.

“दरसाल पोतारलीय,” ती म्हणाली. भाकरी थापायचीही थांबली नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं. समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात कधी कधी मधलीच लाखो वर्षं गायब असतात. तिथे गाळ साचलाच नाही असं धरून चालू नका, आमचे सर सांगायचे. तळाशी वाहणारे थंड प्रवाह साचलेलं खरवडूनही नेतात. महिन्यापूर्वी परीक्षेत मी हेच उत्तर लिहून आलो होतो. आणि घरी येऊन आईला कामचुकार ठरवत होतो.

माझ्या आधी एक बहीण होती, पाच वर्षांची होऊन गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा विषय निघत नसे.

“वल्या भितीवर तिनं पंजं उठवलं हुतं,” आई म्हणाली. “ती गेली अन् ते तिथंच. बघवंना. खुरपं घेतलं. पंजं गेलं तरी हात थांबंना. तू तवा मांडीवर हुतास.”

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “ती माती कुठे टाकलीस?”

“टाकवली न्हाई. ही चूल घातली तिची. फुटली की तीच भिजवून परत घालती.”

तिने तव्यावरची, दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी माझ्या ताटात टाकली. कळायला लागल्यापासून मी त्याच चुलीवरचं खात आलो होतो. आता तुकडा मोडवेना.

“खा गरम हाय तंवर,” आई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.