निळी काच

फोटोत कडेला उभ्या असलेल्या बाईचं नाव तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

मी विचारलं नव्हतं. पत्रकांतून बायकांच्या हक्कांवर रकानेच्या रकाने लिहिणारी मी. नायगावच्या आमच्या वाचनालयात मूकपटांच्या जमान्याचं प्रदर्शन होतं. रद्दीत सापडलेल्या एका फोटोत कोटवाले गृहस्थ खुर्चीत रुबाबात बसलेत आणि मागे एक बाई डोळ्याला काच लावून आभाळाकडे बघतेय. मी खाली लिहिलं, ‘दिग्दर्शक आणि ग्रहण पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी’.

दुसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतल्या बारा नंबरवाल्या आजी आल्या. नव्वदीला टेकलेल्या. बोलण्याआधी पिशवीतून निळी काच काढायची, डोळ्याला लावायची आणि समोरच्याला न्याहाळायचं, ही त्यांची सवय. मलाही न्याहाळलं.

“ग्रहण तुझ्या डोक्याला लागलंय. ती माझी आई. तो सिनेमा तिने केला. बाबा खुर्चीत बसले.”

तेव्हा शूटिंग उन्हावर चालायचं. अशाच निळ्या काचेतून उजेड-सावली पारखून दिग्दर्शकाने हो म्हटलं की कॅमेऱ्याचा दांडा फिरायचा. एका ढगासाठी आई सगळ्यांना तासन्‌तास थांबवायची आणि बाबा जांभया द्यायचे, असं आजी सांगत. जाहिरातीत मात्र नाव बाबांचं.

वाचनालयाच्या चिटणिसांनी पुरावा मागितला. आजींनी फोटोवर बोट ठेवलं.

“ज्याच्या हातात काच, त्याचं चित्र. खुर्ची काय, कोणीही अडवतं.”

आजींनी आईचं नाव सांगितलं आणि मी चिठ्ठी लिहिली: ‘दिग्दर्शिका, यमुनाबाई’. आजींनी घरून पिठाची खळ करून आणली आणि ती फोटोखाली चिकटवली. संध्याकाळी चिटणिसांनी काढली. सकाळी आजी पुन्हा हजर, हातात खळीची वाटी. असं आठवडाभर. शेवटी चिटणीसच थकले. म्हणाले, भिंत खराब होतेय, त्यापेक्षा फ्रेममध्येच घालू.

“सरला ढग,” काच पदराने पुसत आजी म्हणाल्या.

पुढे चाळ पाडायला घेतली, बिऱ्हाडं पांगली. आजी भाचीकडे गेल्या म्हणतात. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. हे लिहायला बसले आणि हात थांबला. आईच्या नावासाठी भांडलेल्या या बाईला आम्ही सगळे बारा नंबरवाली म्हणत आलो. त्यांचं स्वतःचं नाव मी एकदाही विचारलं नाही.

फ्रेमच्या खाली मी आणखी एक चिठ्ठी लावली आहे, खळीनेच. ‘हे नाव परत आणणारी त्यांची मुलगी’ एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे. त्या चाळीत तुमचं कोणी राहिलेलं असेल, तर आजच त्यांना फोन करा, नाव विचारा आणि वाचनालयात या. पेन्सिल तिथेच दोरीला बांधून ठेवली आहे.